तेहेतीस अंशांवरची रेघ

ताळगावच्या पठारावर, तळमजल्याच्या टोकाला माझी खोली:
एक यंत्र, एक खुर्ची,
आणि हवेतली ओल पिऊन बादली भरणारा डबा.
एकोणीस वर्षं मी लोकांची पूड बघतो.
पट्टीवर चेपायची, क्ष-किरण सोडायचे,
तासाभराने कागदावर डोंगर उगवतात.
कुठे उगवले त्यावरून कळतं
अणू कसे बसलेत,
आणि पंगतीत कोण न बोलावता आलंय.

प्रज्योती वेळीप रिवणहून यायची.
पहिल्यांदा आली ती काजूच्या पिशवीत
ओली तांबडी माती घेऊन.
म्हटलं, बाय, बाकीचे बाटल्या आणतात,
लेबल लावलेल्या.
ती म्हणाली, हिलाही आहे.
पिशवीवर बॉलपेनने: बाबांची खाण.

खाण बाबांची कधीच नव्हती.
बाबा टिपर चालवायचे, खाणीतून कुडचड्याच्या धक्क्यावर,
दिवसाला आठ खेपा, बावीस वर्षं.
मग खाण बंद.
टिपरच्या हौद्यात आता कोंबड्या.

तिने माती आम्लात विरघळवली,
मँगनीज नि जस्त तोलून घातलं,
कॉस्टिक ओतून साका बसवला, धुतला,
परत धुतला,
मग भट्टी, नऊशे अंश, रात्रभर.
हवं होतं फेराइट, काळंभोर,
सर्वांत उंच डोंगर पस्तिशीपाशी.
आला. सुबक आला.
आणि त्याच्या अलीकडे, तेहेतीस अंशांवर,
एक बारीक रेघ.
हेमटाइट.
म्हणजे तीच माती. परत कुडचडे.

नमुना सात: रेघ.
नमुना बारा, जस्त वाढवलं: रेघ.
नमुना एकोणीस, वीज गेली. त्याचं बोलू नये.
नमुना सव्वीस, भट्टी चढवली,
रेघ उलट जाड.

मार्गदर्शक बाईंनी कागद उजेडाला धरला.
एकच प्रावस्था हवी, म्हणाल्या,
नाहीतर निबंध परत येईल.
प्रज्योती माझ्या खोलीत बसून राहिली.
मग म्हणाली, घरी न्हाणीत
फरशीच्या सांध्यांत हाच रंग आहे.
आई घासते.
बाबा कामावर जायचे थांबले त्याला किती वर्षं झाली,
तरी.

शेवटी सापडलं: हवाच.
निवताना हवा लागली की मँगनीज फितूर होतं,
वीण उसवते,
लोखंड वेगळं पडून तांबडं होतं,
सवयीने.
नायट्रोजनचा सिलिंडर वेर्ण्याहून आला, तीन आठवडे उशिरा.
नमुना एक्केचाळीस त्याच्या फुंकरीत तापला
नि त्याच फुंकरीत निवला.

त्या दिवशी मी आलेख दोनदा काढला.
तेहेतिसावर काही नाही.
इतकं सपाट
की मलाच जरा चुकल्यासारखं झालं.

शनिवारी पुनो वेळीप आले, इस्त्रीचा शर्ट,
नको म्हटलं तरी चपला दाराबाहेर.
लेकीने कागदावर चिमूटभर पूड ठेवली,
खालून लोहचुंबक फिरवला.
पूड उठली, अंगावर काटा यावा तशी,
चुंबक जाईल तिकडे.
ते वाकले, श्वासाने उडू नये म्हणून तोंडावर हात.
पोरं असताना चुंबक लावून बघायचो मातीला, म्हणाले.
ढुंकून बघत नव्हती.
एवढी बार्जेस भरली, एक कण वळला नाही.

मग खेपा मोजणारा माणूस जागा झाला:
"टनाक कितें मेळटा?"
ती हसली. अर्धा ग्रॅम झालंय, बाबा.
"अर्दो," ते म्हणाले,
काट्यावरचा आकडा वाचावा तसे.
आणि ही बाकीची चाळीस?
टाकायची.

त्यांनी कुप्या उजेडाकडे धरून धरून पाहिल्या,
एकीवर थांबले, तळाशी गेरूची झाक,
आणि ती शर्टाच्या खिशात सरकवली.
मी खिडकीबाहेर बघत होतो.
संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं:
नमुना सात, हरवला.